सदर डाग पोटाचा आहे

पहिली रेघ तडेबाईंना आंघोळ करून अंग पुसताना दिसली. बेंबीच्या खाली, जरा डाव्या अंगाला, बोटाएवढी लांब आणि जांभळट. त्यांनी आरशावरची वाफ पुसली, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं, आणि गेली कित्येक वर्षं लोकांच्या भिंतींसमोर उभं राहून त्या जे म्हणत आल्या होत्या तेच त्यांच्या तोंडून निघालं: "ही नवीन आहे."

तडेबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात जुन्या इमारतींना गेलेले तडे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या खात्यात माणसाला त्याच्या कामाचंच नाव पडायचं. (गटारं पाहणाऱ्या साहेबांबद्दल न बोललेलं बरं.) भिंतीला तडा गेला की घरमालक रडकुंडीला येतो. मग तडेबाई जायच्या, तड्यावरून बोट फिरवायच्या, त्याच्या टोकाशी मार्करने आडवी खूण करून शेजारी तारीख घालायच्या. तडा खुणेच्या पुढे सरकला तर तो वाढतोय, नाही सरकला तर थांबलाय. आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "नुसत्या गिलाव्याचा आहे हो. दिसायला वाईट दिसतो, पण भिंतीला काही झालेलं नाही." हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की घरमालकाला आपण उगीच रडलो असं वाटायचं.

स्वतःच्या बाबतीत मात्र, सहाव्या महिन्यात, ओल्या केसांनी, बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून त्या ढसाढसा रडल्या.

"काय झालं गं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"काही नाही. माझं पोट कसं दिसतंय रे?"

"छान दिसतंय!"

मध्ये बंद दार होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांची नजर तपासायचा, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने शेवटची ओळ अंदाजाने वाचली तर ते त्याला तत्काळ कळायचं. असा हा चोख माणूस बायकोचं पोट मात्र दाराआडून तपासून मोकळा झाला. तडेबाईंना ते फार लागलं.

त्यांना हवं होतं ते एवढंच, की त्याने एकदा नीट पाहावं, आणि पाहून झाल्यावरही तो आहे तसाच राहावा. पण पाहताना त्याच्या चेहऱ्यावरची एखादी रेषा हलली तर? तडेबाईंच्या नजरेतून भिंतीवरचा केसाएवढा फरक सुटत नव्हता, नवऱ्याचा चेहरा काय सुटणार? तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी रेघ घालवायची, मग पोट दाखवायचं. तोपर्यंत कपडे बदलताना दाराला कडी.

औषधाच्या दुकानात त्या मुद्दाम दुपारी गेल्या, गर्दी नसते म्हणून. काउंटरवर वाकून त्यांनी अगदी कुजबुजत विचारलं. दुकानदाराने मागच्या खोलीकडे तोंड करून, दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, "अरे, पोटावरच्या स्ट्रेच मार्कचं क्रीम आलंय का? बाईंना हवंय!" आणि खोकल्याची गोळी घ्यायला आलेल्या तळमजल्यावरच्या काकू हळूच मागे वळल्या. तडेबाई डबी घेऊन जिना चढेपर्यंत बातमी त्यांच्या आधी वर पोचली होती.

संध्याकाळपर्यंत सासूबाई तिळाच्या तेलाची बाटली घेऊन हजर. "हे दोन वेळा चोळायचं. माझ्या तीन बाळंतपणांत एक रेघ नाही आली."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "तिळाचं अजिबात लावू नकोस, काळवंडतं. मी बदामाचं पाठवतेय."

तिसऱ्या दिवशी काकूंनी कोरफडीचा गर वाटीतून आणून दिला. तो त्यांनी स्वतः कुंडीतून काढला होता आणि लावल्याशिवाय त्या जायला तयार नव्हत्या.

आता कुणाचं लावावं? सासूबाईंचं लावावं तर आई दुखावणार, आईचं लावावं तर सासूबाई महिनाभर 'आमचं मेलीचं कोण ऐकतंय' करणार, आणि काकूंचं न लावावं तर पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे. शेवटी तडेबाईंनी पोटाची वाटणी केली. डावी बाजू सासूबाईंना, उजवी आईला, मधला पट्टा काकूंना. डबीतलं क्रीम त्यांनी बेंबीच्या वर लावलं, कारण तेवढीच जागा शिल्लक होती. एकाही पक्षाने तक्रार केली नाही, कारण प्रत्येकीला वाटत होतं की अख्खं पोट आपलंच आहे.

रेघा मात्र वाढतच होत्या. त्याही पक्षपात न करता.

तडेबाई पडल्या शिस्तीच्या. नुसतं 'वाढताहेत' म्हणून चालत नाही, मोजमाप लागतं. एका सकाळी नवरा दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून खात्याचा मार्कर काढला. पावसापाण्यातही पुसला जाऊ नये म्हणून खास मागवलेला. आरशासमोर उभं राहून प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक आडवी खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली. भिंतींच्या तड्यांवर त्या काचेची पट्टीही चिकटवत असत, तडा हलला की पट्टी फुटते. सुदैवाने तो विचार त्यांनी सोडून दिला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटावरचं कापड वर केलं आणि त्या थांबल्या. आधी वास आला. मग अक्षरं दिसली.

"हे काय आहे?"

"निरीक्षण," तडेबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि पोट डावीकडून उजवीकडे वाचून काढलं. "खाज येते?"

"येते."

"तळहाताला, तळपायाला? तिथे आली तर लगेच यायचं, तो वेगळा प्रकार असतो."

"नाही, पोटालाच."

"मग हे बघा. कातडी ताणली जाते, आतून विरते, त्याची ही रेघ. तेलाने ती थांबत नाही. तेलाने मऊ वाटतं, खाज कमी होते, म्हणून हवं तर लावा, कुठलंही लावा. ज्यांना यायच्या त्यांना येतात. पुढे जांभळ्याच्या पांढऱ्या होतील. फिकट होतील."

"जातील ना?"

"फिकट होतील," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी तडेबाईंनी पिशवीतून आणलेल्या क्रीमच्या डबीवरचे बारीक शब्द वाचले आणि डबी सरळ टेबलाच्या खणात टाकली. "हे पोटुशीने लावायचं नसतं. आईला होत्या का रेघा? बऱ्याचदा घराण्यातूनच येतं."

तडेबाईंनी घरी येऊन आईला विचारलं. आई एकदम चिडली. "माझं पोट आरशासारखं होतं. तुझ्या बापाच्या घराण्यातून आलं असेल सगळं." बाबांच्या घराण्यात आता एक आत्या उरली होती. आत्या म्हणाली, "आमच्यात असलं काही नव्हतं. तुझ्या आईला विचार, ती लपवते." ही बातमी आईपर्यंत पोचली. आई आणि आत्यामध्ये बाबा गेल्यापासून जेमतेम टिकून असलेलं बोलणं त्या दिवशी बंद झालं. सासूबाई तेवढ्या खूश होत्या, त्यांचं घराणं त्यात नव्हतं.

रेघांमुळे कुठल्या नात्याला तडा जाईल हे तडेबाईंनी मोजलं नव्हतं. त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर डावीकडे तिळाचं लावलं.

घरचं कमी पडत होतं म्हणून की काय, प्रकरण खात्यात शिरलं. लाकडाच्या वखारीची एक जुनी दुमजली इमारत तडेबाईंकडे तपासायला होती. त्या टेबलावर नकाशा पसरून, वाकून, मोजमापं लिहीत होत्या. आता आठव्या महिन्यात माणूस टेबलावर वाकतो म्हणजे पोट आधी वाकतं. तासाभराने त्या मागे सरल्या तेव्हा वखारीच्या पूर्वेच्या भिंतीवर, नकाशावर, छान गोल तेलकट डाग उमटला होता. अर्धा तिळाचा, अर्धा बदामाचा.

साहेबांनी नकाशा पाहून समासात लिहिलं: 'सदर डाग कशाचा आहे?'

तडेबाईंनी खोटं कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी खाली लिहिलं: 'सदर डाग पोटाचा आहे.'

'कोणाच्या?'

'माझ्या.'

'पोट नकाशावर ठेवण्याचे प्रयोजन?'

'पोट पुढे होते. नकाशाही पुढे होता.'

साहेब तिसऱ्या टेबलाशी बसायचे. तोंडी विचारलं असतं तरी ऐकू आलं असतं, पण तोंडी विचारलेल्याची फाइल होत नाही. फाइल झाली आणि ती मजले चढू-उतरू लागली. ज्यांनी ज्यांनी वाचली ते सगळे काही ना काही निमित्त काढून तडेबाईंच्या टेबलापाशी येऊन गेले आणि पोटाकडे पाहून गेले. ज्या पोटाला नवऱ्यासमोर कडी होती, ते आता अख्ख्या खात्याच्या शिक्क्यांनिशी नोंदलं गेलं होतं.

पुढे फाइल ओल आणि गळती पाहणाऱ्या विभागात गेली. तिथे समास वाचायची पद्धत नव्हती. नकाशा पाहून त्यांनी वखारवाल्याला नोटीस काढली: आपल्या इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीस मोठ्या प्रमाणात ओल आल्याचे दिसून येते, तरी ती तातडीने शोधून दुरुस्त करावी.

वखारवाला साधा माणूस. धावत तडेबाईंकडे आला. "बाई, त्या भिंतीपाशी नळ नाही, मोरी नाही, टाकी नाही. ओल येईल कुठून?"

तडेबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मी... बघते हं. चूक असेल काहीतरी. तुम्ही काही करू नका."

पण सरकारी कागदापुढे तोंडी शब्दाला कोण विचारतो? वखारवाल्याने घाबरून गवंडी बोलावला. गवंड्याने ओल शोधायला भिंत फोडली. खाली सापडली नाही म्हणून वर फोडली. बाहेरून सापडली नाही म्हणून आतून फोडली. आठवड्याभरात त्या धडधाकट भिंतीला छतापासून दारापर्यंत तडा गेला, आणि तो तपासायला अर्थातच तडेबाईंना पाठवण्यात आलं.

त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एक हात कमरेवर, एक हात तड्यावर. वखारवाला शेजारी रडवेला होऊन उभा होता.

"बाई, गिलाव्याचाच आहे ना?"

तडेबाईंच्या बोटाला आतल्या विटा लागत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ज्याला धीर द्यायचा त्याच्या आधी त्यांचेच डोळे भरून आले. "नाही हो," त्या म्हणाल्या. "टेकू द्यावा लागेल." आणि वखारवाल्यानेच त्यांना बसायला लाकडाचा ओंडका दिला, पाणी दिलं, आणि 'या दिवसांत इतकं मनाला लावून घेऊ नये' असं समजावलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की त्याची भिंत त्याच्यासमोर ओंडक्यावर बसलेल्या पोटाने फोडली होती. तडेबाईंनी त्याला ते तिथल्या तिथे सांगितलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेल कुठलं होतं?" त्याच्या सुनेला पाचवा लागला होता.

नोटीस मागे घ्यावी, दुरुस्ती खात्याने करून द्यावी, असं तडेबाईंनी सविस्तर लिहून दिलं. त्यावर निर्णय व्हायच्या आत त्यांना कळा सुरू झाल्या. फाइलवर शेरा पडला: 'संबंधित पोट रजेवर.'

मुलगी झाली. गव्हाळ, मोठ्या आवाजाची, आणि अंगावर एक रेघ नसलेली. प्रसूतीच्या खोलीतही तडेबाईंची सुटका नव्हती. मार्कर खरोखरच चांगल्या प्रतीचा निघाला होता. ऐन कळांमध्ये सिस्टर वाकून विचारत होती, "बाई, या तारखा कसल्या? आधीच्या हॉस्पिटलने घातल्यात का?" मग तिने दुसरीला बोलावलं.

"बाळंतपणानंतर जातात," असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बाळंतपणानंतर पोट गेलं आणि रेघा राहिल्या. आधी त्या निदान ताठ तरी होत्या, आता सैल कातडीवर चुरगळून बसल्या. काकू म्हणाल्या, "साखर आणि कॉफी चोळ, कातडी नवी येते." चोळलं. नवी कातडी आली नाही, मुंग्या आल्या. गादीत, उशीत, कपड्यांत. नवरा अख्खी गादी गच्चीत नेऊन झटकत होता आणि विचारत होता, "पण साखर आली कुठून?" तडेबाईंनी कडी लावलेल्या दाराआडून सांगितलं, "मला काय माहीत?"

त्या त्वचेच्या दवाखान्यातही जाऊन आल्या. तिथल्या गोड बोलणाऱ्या मुलीने लेझरच्या जाहिरातीतले दोन फोटो समोर ठेवले. आधीचं पोट, नंतरचं पोट. इतर कुणीही बाई ते पाहून हुरळली असती. तडेबाईंनी सवयीने जवळ घेऊन पाहिलं. पहिल्या पोटाची बेंबी आडवी होती, दुसऱ्याची उभी. त्यांना अगदी मनापासून वाटलं, आज आपल्याला दिसलं नसतं तर किती बरं झालं असतं. फोटो खाली ठेवून त्या निघून आल्या.

"आता दिसतही नाहीत," सासूबाई म्हणाल्या, त्यांनी पाहिलं नव्हतं. "उगीच बाऊ करतेस," आई म्हणाली, ती फोनवर होती. "कुठे काय? छान आहेस की," नवरा म्हणाला, तो हिशेबाने पलीकडे तोंड करून उभा होता, कारण बायकोला पाहिलेलं आवडत नाही एवढं त्याला कळलं होतं. सगळेच सांगत होते, काही नाही. मग त्या रोज आंघोळीनंतर जे पाहत होत्या ते काय होतं? इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एखाद्या घरमालकाला आपण 'काही नाही हो' म्हणत आलो तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल का, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि झोपेच्या आशेवर पाणी फिरवून गेला.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी मुलीने दूध पिऊन झाल्यावर, बापाच्या खांद्यावर मान टाकून, प्यायलेलं सगळं परत केलं. शर्टावरून, कॉलरच्या आतून, बनियनच्या खालपर्यंत. "घे हिला, घे, घे!" करत त्याने मुलगी तडेबाईंच्या हातात दिली, शर्ट काढला, बनियन काढलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली वाकला. खिडकीतून सरळ ऊन येत होतं. तडेबाईंची नजर त्याच्या पाठीवर गेली आणि तिथेच अडकली.

कमरेच्या जरा वर, आडव्या, एकाखाली एक, पांढऱ्या, चकाकत्या रेघा होत्या. शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"हे काय आहे?"

"काय?" म्हणत तो वळला, आणि बायको कुठे पाहतेय हे लक्षात येताच त्याने भांडी पुसायचं फडकं ओढून पाठीला लावलं. ते जेमतेम हातभर होतं. "काही नाही."

"इकडे ये. उजेडात."

"अगं, काही नाही म्हटलं ना."

"इकडे ये!"

तो आला. शाळेत जाताना वही हरवलेल्या पोरासारखा तोंड पाडून. "नववीत असताना एकदम उंच झालो," तो म्हणाला. "पाठ मागे राहिली. पोरं विचारायची, घरी पट्ट्याने मारतात का? तेव्हापासून बनियन घालतो. पोहायला गेलो नाही कधी."

रस्त्यावर उभं राहून तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखालचा तडा ओळखणारी बाई, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिला शेजारी झोपलेल्या माणसाची पाठ दिसली नव्हती. या माणसाला थंडी फार वाजते अशीच त्यांची आजवर समजूत होती. थोडा वेळ त्यांना व्यवसायातला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग मात्र त्यांनी त्याच्या पाठीवरचं फडकं काढून घेतलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"लग्नाआधी सांगायचं राहिलं. नंतर लाज वाटायला लागली. आणि तू पडलीस तडे तपासणारी."

तडेबाईंनी मुलगी त्याच्या उघड्या खांद्यावर दिली. मग खिडकीसमोर उभं राहून, डोळे गच्च मिटून, त्यांनी गाऊन छातीपर्यंत वर केला.

"बघ."

नळ टपकत होता. त्यांनी एक डोळा किलकिला केला. तो खाली वाकला होता. जरा जवळ आला, जरा मागे गेला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा जवळ आला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहावं तसा, घाई न करता तो पाहत होता. तडेबाई श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याची एकेक रेषा तपासत होत्या. आता हा 'छान' म्हणणार. नाहीतर 'दिसतही नाहीत' म्हणणार. तसं म्हणाला असता तर त्या गाऊन खाली सोडून कायमच्या आत गेल्या असत्या.

"बापरे," नवरा म्हणाला. "बऱ्याच आहेत गं."

"हो ना?" तडेबाईंचा आवाज फुटला. "कधीपासून सांगतेय सगळ्यांना, बऱ्याच आहेत म्हणून! कुणी ऐकेल तर शपथ!"

"बऱ्याच म्हणजे काय, भरपूर आहेत. बेंबी तर पूर्ण वेढली आहे. आणि इथून वळून मागे गेल्यात, कमरेवर."

"मागे?" त्या दचकल्या. "मागे कुठे? आरशात मला मागचं दिसत नाही."

"इथे." एका हाताने मुलीला धरून त्याने दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या कमरेवर ठेवलं. "ही एक. ही दुसरी. हिला फाटा फुटलाय."

तडेबाई रडत होत्या. नाक वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत गाऊन होता. वळून पाहायला त्यांनी मान फिरवली.

"हलू नकोस," तो वाकून म्हणाला. "अजून एक आहे."